श्रावणाला जोडून अधिक

"बाई, कसं झालं भाषण?"

पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन नुकतंच आटोपलं होतं. आपापल्या शाळेतला झेंडा लवकर लावून आम्ही सगळे शिक्षक वडाळीच्या केंद्रशाळेत जमलो होतो. मुलं बुंदीचे द्रोण घेऊन ओळीनं चालली होती. आमच्या बारा शाळांचे केंद्रप्रमुख गुंजाळ सर कपाळाचा घाम पुशीत माझ्यापुढे उभे होते, आणि त्यांच्या पाठीमागून सोनेवाडीचे मुनीर शेख सर दोन्ही हातांनी मला खुणावत होते: नका बोलू, बाई, नका.

मी म्हटलं, "आवाज छान लागला, सर. पण लांबलं फार. तिसरीच्या दोन मुली मटकन खाली बसल्या. आणि मिठाचा सत्याग्रह तुम्ही दोनदा केलात."

मुनीर सरांनी तोंडाला रुमाल लावला.

"श्रावण," गुंजाळ सर स्वतःशीच म्हणाले. "विसरलोच. श्रावणात ह्यांना काही विचारायचं नसतं."

मी दर श्रावणात एक नेम धरते. लग्न होऊन आले त्या वर्षापासून चुकलेला नाही. एका वर्षी मीठ सोडलं, एका वर्षी पायात वहाण घातली नाही, एका वर्षी जेवताना मौन धरलं. त्या वर्षी धरलेला नेम असा, की खोटं बोलायचं नाही. अगदी बारीकसंसुद्धा नाही, समोरच्याला बरं वाटावं म्हणूनही नाही. ऐकायला सोपा वाटतो. पण खरं सांगते, मीठ सोडणं परवडलं. मीठ सोडलं की जीभ रुसते, खोटं सोडलं की माणसं रुसतात. शेजारच्या सुलभावहिनींनी नवी पैठणी दाखवली आणि रंग कसा आहे विचारलं, तेव्हापासून त्या माझ्याशी फक्त नळाच्या वेळेपुरतं बोलत होत्या. घरी आमचे हे तर शर्ट बदलून आले की आधीच हात वर करायचे, "विचारत नाहीये हं मी!"

नेम हाच का धरला, हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

गुंजाळ सर जरा पुढे गेले, थांबले, परत आले.

"बाई, श्रावण कधी संपतो ओ तुमचा?"

"परवा, सर. पोळ्याला."

"परवा शुक्रवार." त्यांनी बोटांवर मोजलं. "मग समितीची बैठक शनिवारी. शाळा सुटल्यावर, बारा वाजता, इथंच. मुनीर सर, तुम्हीपण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. कळलं का?"

"कळलं ना," मुनीर सर म्हणाले. "अगदी चांगलं कळलं."

ही समिती कशाची, ते सांगायला हवं. आदल्या वर्षी एका कंपनीनं आमच्या केंद्रातल्या सहा शाळांना 'अक्षरमोहोर' नावाची पेटी दिली होती. निळी, पत्र्याच्या ट्रंकेएवढी पेटी. आत रंगीत कार्डं, अक्षरांचे ठोकळे, एक घंटी. रोज एक तास, चाळीस दिवस पेटी वापरली की दुसरी-तिसरीची मुलं वाचायला लागतात, असा त्यांचा दावा. चाळीस दिवसांनी त्यांनीच मुलांची परीक्षा घेतली आणि बत्तीस पानांचा गुळगुळीत अहवाल छापला. अहवालात मोठ्या आकड्यात होतं: सत्त्याऐंशी टक्के मुले वाचती झाली. आणि त्याखाली चौकटीत, फोटोसकट, पिंपळवस्तीची शाळा. शंभर टक्के. फोटोत पेटीवर हात ठेवून उभी असलेली, डोक्यावर पदर घेतलेली बाई म्हणजे मी.

आता ती पेटी आमच्या बाराही शाळांत कायमची आणायची, असं घाटत होतं. मुलांचा गोष्टीचा तास बंद करून त्या जागी पेटीचा तास. पण जिल्ह्याच्या कार्यालयानं कधी नव्हे ते एक शहाणं पत्र काढलं होतं: कोणताही वाचन-कार्यक्रम घेण्याआधी त्यामागचं संशोधन केंद्रातल्या शिक्षकांनी स्वतः तपासावं, आणि तिघांच्या सहीनं कळवावं. गुंजाळ सर, मुनीर सर आणि मी, असे आम्ही तिघे.

त्या शंभर टक्क्यांवर माझं आणखी एक काम अडलेलं होतं. तालुक्याच्या आदर्श शिक्षिकेसाठी गुंजाळ सरांनी माझं नाव पाठवलं होतं. पाच सप्टेंबरला जाहीर व्हायचं. आईची फार इच्छा होती. ती गेल्याला दोन वर्षं झाली होती, पण इच्छा काही माणसाबरोबर जात नाहीत. मी अहवालावर सही केली की सगळं सरळ होतं. आणि त्या शंभरात काय आहे, ते मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला माहीत असेल, असं वाटलं नव्हतं.

शनिवारी पहाटे उठून मी देवापुढे नवा दिवा लावला. आज अधिक महिना लागला होता, अधिक भाद्रपद. आमच्या माहेरी रीत अशी, की श्रावणाला जोडून अधिक आला तर धरलेला नेम उतरवायचा नाही, महिनाभर पुढं न्यायचा. आई म्हणायची, देवानं पंगत वाढवलीय तर आपण पान आवरून उठायचं नसतं.

ह्यांनी अंघोळीहून येताना विचारलं, "सुटला ना नेम? आता सांग, परवाचा शर्ट कसा होता?"

"अधिक लागलाय आज."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून तीस दिवस."

त्यांनी शर्ट जुनाच घातला.

बाराला केंद्रशाळेत पोचले. कार्यालयातल्या लांब टेबलावर कागदांचे गठ्ठे मांडले होते. कंपनीकडून एक तरुण मुलगा आला होता, तन्मय नावाचा. चष्मा, पाठीला पिशवी, आणि चेहरा पहिल्यांदा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा. त्यानं सगळ्यांना वाकून नमस्कार केला.

गुंजाळ सर खुशीत होते. शिपायाला हाक मारून म्हणाले, "चार चहा!"

"मला नको सर," मुनीर सर म्हणाले. "रोजा आहे. परवा ईद."

"अरे हो. मग तीन."

"मलाही नको," मी म्हटलं. "एकभुक्त आहे."

"आता कसलं? श्रावण संपला की!"

"अधिक लागला, सर. आमच्याकडे श्रावणाचा नेम अधिकातही चालतो."

सरांचा हात हवेतच राहिला. ते माझ्याकडे बघत होते, आणि मुनीर सर त्यांच्याकडे.

"कोणता नेम?" सरांनी हळूच विचारलं. "चहाचा, की तो... तो दुसरा?"

"दोन्ही."

मुनीर सर खुर्चीत मागं रेलून हसायला लागले. "सर, रोज्यात खोटं बोललं तर दिवसभराचं उपाशी राहणं फुकट जातं आमचं. इकडं माझा रमजान, तिकडं बाईंचा अधिक. तुम्ही समिती नेमली की सापळा लावून घेतला?"

"दोन चहा," सर शिपायाला म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

तन्मयला यातलं काही कळलं नसावं. त्यानं नम्रपणे अहवालाच्या प्रती वाटल्या आणि सत्त्याऐंशीचं पान उघडून दाखवलं. मुनीर सर गणिताचे. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, ती कानामागं ठेवली आणि विचारलं, "बेटा, सत्त्याऐंशी टक्के म्हणजे कितीतले किती?"

"सत्त्याण्णव मुलांची परीक्षा झाली, सर. त्यातली चौऱ्याऐंशी वाचू शकली."

"आणि पहिल्या दिवशी मुलं किती होती?"

तन्मयनं पानं चाळली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडलं. "एकशे अडतीस."

"मग एकशे अडतीसातली सत्त्याण्णव झाली कशी? बाकीची एक्केचाळीस पेटीत बसली का?"

"ती परीक्षेच्या दिवशी नव्हती, सर. काही स्थलांतरित झाली होती."

"स्थलांतरित," मुनीर सर म्हणाले. "दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात इथनं. कोयत्याबरोबर पोरंपण जातात. ज्यांचं वाचन सगळ्यात कच्चं, तीच पोरं गेली, आणि तुम्ही त्यांना हिशेबातून काढलं. एकशे अडतीसातली चौऱ्याऐंशी म्हणजे..." त्यांनी पेन्सिल काढली, टोकाला जीभ लावायला गेले, रोजा आठवला, तसंच लिहिलं. "एकसष्ट."

गुंजाळ सर म्हणाले, "एकसष्टपण काही वाईट नाही, सर."

"नाहीच ना. पण माझ्या सोनेवाडीला पेटी आलीच नव्हती. जूनमध्ये वीसातली पाच पोरं वाचत होती, दिवाळीला चौदा. म्हणजे पेटी न आणण्याचा निकाल सत्तर टक्के! ती पेटी पण विका की, रिकामी."

तन्मयला हसू आवरेना. तो चष्मा पुसायला लागला. मुनीर सरांनी लगेच हात जोडले. "चेष्टा झाली, बेटा. माझी वीस पोरं म्हणजे काही पुरावा नव्हे. पण पेटीवाल्या शाळेशेजारी बिनपेटीची शाळा मोजल्याशिवाय पेटीनं काय केलं ते कळणार कसं? पोरं वाढतातच. पावसाळाभर माझ्या दारातलं शेवग्याचं झाडपण वाढलं. त्याला कुणी कार्डं दाखवली नव्हती."

"बरोबर आहे, सर," तन्मय म्हणाला. "मी नवीन आहे. हे मी कार्यालयात विचारलं होतं. ते म्हणाले, पिंपळवस्तीचं बघ."

सगळे माझ्याकडे वळले.

"खरंच," मुनीर सर म्हणाले. "बाईंकडं शंभर कसे?"

गुंजाळ सर एकदम उठले. "मुनीर सर, बाईंना कशाला विचारता? कागदं आहेत ना समोर! कागद बघा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुम्ही बोलू नका काही. फक्त सही करा. न बोलण्यानं नेम मोडत नाही. हो की नाही, मुनीर सर?"

"सर, सहीपण बोलतेच."

पेन माझ्यापुढं ठेवलं होतं. शेजारी अहवालाचं शेवटचं पान: आम्ही खाली सह्या करणाऱ्या शिक्षकांनी वरील संशोधन तपासले असून ते योग्य आहे. मी पेन उचललं. खरं सांगते, मनात आईच आली. पाच सप्टेंबर, तालुक्याचा मंच, शाल. आणि तिच्याच पाठोपाठ आजचा सकाळचा दिवा आला, तीस दिवसांतला पहिला.

मी पेन खाली ठेवलं.

"तन्मय, शाळांचे रोजचे तक्ते आणलेत ना? पिंपळवस्तीचा काढता?"

त्यानं गठ्ठ्यातून एक लांब कागद काढला. चाळीस चौकटी. रोज पेटी वापरली की चौकटीत बरोबरची खूण करायची. चाळीसही चौकटींत खूण होती. मी कागद टेबलाच्या मध्ये सरकवला.

"ह्या खुणा मी एका बैठकीत केल्या," मी म्हटलं. "कागद न्यायला माणूस दारात उभा होता तेव्हा."

बाहेर शिपाई चहाच्या कपांचा आवाज करत होता.

"पेटी आली तो पितृपक्षाचा पहिला दिवस होता. पितृपक्षात आम्ही नवीन काही उघडत नाही. तशीच कोपऱ्यात ठेवली. पंधरा दिवस गेले. मग घट बसले. घटस्थापनेला पेटी उघडली, पण वाटलं, अक्षरांची पेटी, सरस्वतीपुढं ठेवावी. एकदा पूजेत मांडलेली वस्तू मधेच कशी उचलायची? नऊ दिवस ती तिथंच. दसऱ्यानंतर अकरा दिवस वापरली. पुढचे पाच दिवस सहामाही परीक्षा." माझा आवाज एरवीही लहानच. त्या दिवशी मलाच ऐकू येत होता की नाही, देव जाणे. "चाळीसातले अकरा, सर. आणि शंभर टक्के म्हणजे एकोणीसातली एकोणीस. पहिल्या दिवशी पटावर तेवीस होती. चौघं टोळीबरोबर गेली. त्यांची नावं मी सांगू शकते."

मुनीर सरांनी कागद उचलून उजेडात धरला. "एकच शाई, एकच तिरकी मान," ते पुटपुटले. मग त्यांनी गठ्ठ्यातले बाकीचे पाच तक्ते ओढले, एकेक बघितला, आणि भुवया वर केल्या. "बाई, तुम्ही एकट्या नाही हो! इथंपण एकच शाई. इथंपण."

"त्यांना श्रावण नाही," गुंजाळ सर घाईनं म्हणाले. "त्यांना विचारू नका."

पण मुनीर सर थांबणारे नव्हते. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. "एक मिनिट. परीक्षेत कुठला उतारा होता, तन्मय?"

"चिमणी आणि माठाचा, सर. एकविसाव्या कार्डावरचा."

"म्हणजे ज्यांनी एकविसावं कार्ड वाचलं होतं, त्यांना तो पाठच असणार. बाई, तुमची मुलं एकविसाव्यापर्यंत पोचली होती?"

"नाही ओ. अकरा दिवसांत अकराच कार्डं झाली."

"म्हणजे त्यांनी तो उतारा कधी बघितलाच नव्हता! आणि तरी एकोणीस पोरांनी वाचला!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "बाई, सगळ्या अहवालात खरंखुरं वाचलं कुणी असेल, तर तुमच्या पोरांनी! पण पेटीनं नाही. मग कशानं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं. "आदल्या श्रावणातला नेम होता तो पुढं चालू ठेवला होता. रोज शाळा सुटल्यावर एकेका मुलाला ओट्यावर जवळ घेऊन पंधरा मिनिटं वाचायचं. हाती येईल ते. लग्नपत्रिका, चहाचा पुडा, खताची गोणी. शेवंता नावाची मुलगी तर कॅलेंडरच्या मागचं राशिभविष्य वाचायची आणि मला सांगायची, बाई, तुम्हाला या महिन्यात वाहनयोग आहे. ते शिकवणं नव्हतं, सर. नेम होता. त्यानं झालं असंही मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. मुनीर सरांचा शेवगा वाढला, तसंच असेल."

तन्मय वहीत भराभर लिहीत होता. मान वर करून म्हणाला, "मॅडम, पितृपक्ष किती दिवस म्हणालात?"

तेव्हा मात्र गुंजाळ सरसुद्धा हसले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय, सर?"

"घट बसायच्या आदल्या दिवशी मी तुमच्या शाळेवर आलो होतो. तुम्ही मुलांना घेऊन ओढ्यावर गेला होतात, पानं गोळा करायला. खोलीत पेटी होती. चिकटपट्टी तशीच, वर तुळशीचं पान. पंधरा दिवस झाले होते. मी ते पान सरळ केलं आणि परत गेलो."

"मग माझं नाव कसं पाठवलंत?"

"दोनदा संध्याकाळी तुमच्या वस्तीवरनं गाडी घेऊन गेलोय मी. ओट्यावर तुम्ही आणि एक पोर. पोर बोट ठेवून वाचतंय, तुम्ही डोळे मिटून ऐकताय. नाव मी त्याच्यासाठी पाठवलं. पण त्या अर्जात 'ओट्यावर बसणे' असा रकाना नव्हता. 'पेटी वापरली' असा होता. मी तो भरला." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "म्हणून म्हटलं श्रावण जाऊ दे. तुम्हाला तोंड उघडायला लागू नये. आता हा अधिक कुठनं आला मधेच?"

"बत्तीस महिन्यांनी येतो, सर," मुनीर सर गंभीरपणे म्हणाले. "कॅलेंडरमध्ये असतं."

मला रडू आलं असतं, पण हसू आधी आलं. तेव्हा मी त्यांना सांगितलं, नेम हाच का धरला ते. त्या चाळीस खुणा वर्षभर माझ्या डोळ्यांपुढं होत्या. देवापुढं वाती करायला बसले तरी चाळीसाव्या वातीला हात थांबायचा. एवढं मोठं खोटं उचलून बाहेर टाकायचं बळ नव्हतं, म्हणून आधी बारीकसारीक खोटं सोडून बघत होते. सुलभावहिनींची पैठणी ही त्याची सुरुवात होती.

"आणि माझं भाषण?" सरांनी विचारलं.

"तेही."

त्या दिवशी सही झाली ती वेगळ्याच कागदावर. मुनीर सरांनी सांगितलं, मी लिहिलं, गुंजाळ सरांनी अक्षर सुधारलं. अहवालावरून काही ठरवता येत नाही. पिंपळवस्तीचे शंभर टक्के धरू नयेत. ज्या शाळांना पेटी आलेली नाही अशा सहा शाळांत चिठ्ठ्या टाकून तीन ठिकाणी पेटी, तीन ठिकाणी ओट्यावरची पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी पटावर असलेलं प्रत्येक मूल शेवटी मोजायचं, टोळीबरोबर गेलं असेल तर उसाच्या फडावर जाऊन मोजायचं. आणि उतारा असा, जो कुणीच पाहिलेला नाही. तोवर गोष्टीचा तास चालू राहील. तन्मयनं खाली स्वतःहून सही केली. "मला नोकरीवरनं काढतील बहुतेक," तो म्हणाला. काढलं नाही. चिठ्ठ्या उचलायला तोच आला.

ती मोजणी पुढं झाली. पेटीच्या शाळांत मुलं पुढं गेली, ओट्याच्या शाळांत जरा जास्त गेली, आणि दोन्हीकडे सगळ्यांत मागं राहिली ती फडावर गेलेली. तीच मुलं, जी आधी कुठल्याच टक्क्यात नव्हती. त्यांच्यासाठी मग मुनीर सरांनी काय काय केलं, ती वेगळी गोष्ट आहे.

ईदला मुनीर सरांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा आला. दुपारच्या एकाच जेवणात मी तो पानात घेतला. संध्याकाळी त्यांचा फोन. "बाई, विचारू का?"

"विचारा."

"नको, राहू दे," म्हणाले, आणि मागून त्यांच्या बेगमचा आवाज आला, "विचारा ना, भिता कशाला!"

"साखर थोडी जास्त आहे, भाभी," मी म्हटलं. "पण डबा मी एकटीनं संपवला."

मंगळवारी शाळा सुटता सुटता गुंजाळ सर पिंपळवस्तीला आले. गाडी लावली, पिशवीतून माझा तो तक्ता काढला. "दुरुस्त करून द्या. अकरा ठेवा, बाकीच्या खोडा. कागद असाच जायला नको जिल्ह्याला."

मी ओट्यावर बसून एकेक खूण खोडायला लागले. पितृपक्षाच्या पंधरा. नवरात्राच्या नऊ. प्रत्येक रेघेला हात हलका होत होता. सर शेजारी टेकले. शेवंता, तिसरीत गेलेली, त्यांच्या खिशातून डोकावणारी एसटीच्या तिकिटाची चिटोरी वाचून दाखवत होती, आणि ते डोळे मिटून ऐकत होते.

"आदर्शचं नाव मी काढून घेतलंय," ते डोळे न उघडता म्हणाले. "करंजीच्या बाईंना मिळेल यंदा."

"चांगल्या आहेत त्या."

"खरंच?"

"खरंच. अधिक आहे, सर."

ते हसले. मार्गशीर्षात ते निवृत्त होणार होते. छत्तीस वर्षांची नोकरी, आणि जिल्ह्यात पेटी आणणारं पहिलं केंद्र आपलं, ही पाटी आता त्यांच्या निरोपसमारंभात लागणार नव्हती. मी शेवटच्या पाच खुणांवर आले होते.

"बाई," ते म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा, सर."

त्यांनी आधी रस्त्याकडं बघितलं, मग शेवंताकडं, मग स्वतःच्या चपलेकडं.

"मी केंद्रप्रमुख कसा होतो?"

मी शेवटची खूण खोडली. पेनाला टोपण लावलं.

"चांगले होता, सर."

गुंजाळ सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी बोटावर मोजलं, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार.

"अजून सव्वीस दिवस आहेत ना अधिकाचे?"

"आहेत."

"मग झालं तर," ते म्हणाले, तक्त्याची घडी घातली, आणि ती कार्यालयाच्या पिशवीत न टाकता आधी शर्टाच्या खिशाशी धरून दोन घटका तसेच बसून राहिले.